देवआळी शांत आहे

करंजवडात कुणालाही वय विचारा, माणूस आधी ‘जळिताआधीचा’ की ‘जळितानंतरचा’ ते सांगणार. साल वगैरे मागाहून. गावात विजेवरच्या एसट्या आल्या, उसावर औषध मारायला ड्रोन आले, ग्रामपंचायतीची नगरपरिषद झाली, पण कालगणना काही बदलली नाही.

जळिताची गोष्ट आधी सांगून टाकतो, कारण तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. डोंगरातल्या धरणात बुडालेल्या गावांची माणसं सरकारने करंजवडच्या कालव्याकडेला आणून वसवली होती. त्या भागाला सगळे वसाहत म्हणतात. जुने गावकरी देवआळीत. जमीन आपली, देव आपला, मान आपला, असा देवआळीचा खाक्या. पहिली काही वर्षं बरी गेली. शाळा एक होती, बाजार एक होता, भांडणंसुद्धा एकत्रच व्हायची. मग वसाहतीची डोकी वाढली, डोकी वाढली तशी मतं वाढली, आणि एका निवडणुकीत पाणीपुरवठा समितीचं अध्यक्षपद वसाहतीकडे गेलं. गावाच्या पाण्याची किल्ली कालच्या उपऱ्यांच्या हातात! झालं. एका दुपारी मागच्या उसातून माणसं आली आणि वसाहत पेटली. अकरा जण गेले. खटला चालला, साक्षीदार एकेक करून फुटले, आणि निकाल लागला तेव्हा कायद्याच्या मते वसाहत कुणीच पेटवली नव्हती.

तेव्हापासून करंजवडात सगळं दोन-दोन. दोन शाळा, दोन बाजार, दोन स्मशानं. केस कापायलासुद्धा जो तो आपापल्या न्हाव्याकडे. आणि गंमत म्हणजे, यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. पोरं तर समजायची की गाव असंच असतं.

दोन्हीकडचं एकत्र येत होतं ते एकाच ठिकाणी, नदीकाठच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात. तिथे प्रयोगशाळा सांभाळायची वृषाली दळे. माहेर गावच्याच बाजारपेठेतलं, सासर देवआळीतलं, शिक्षण रसायनशास्त्रात एम.एस्सी. नवरा दिग्विजय, त्याचं ट्रॅक्टरचं गॅरेज. दिग्विजयचे चुलते बापूसाहेब दळे तीन वेळा नगराध्यक्ष झालेले. त्यांनी खाकरलं तरी देवआळीत पंख्यांची बटणं बंद व्हायची, असा दरारा. ‘आमची सून गटारात नोकरी करते,’ असं ते हसत हसत चारचौघांत सांगायचे. वृषाली ऐकून घ्यायची. काय करणार?

पण त्या वर्षी त्या गटाराला एकदम भाव आला. ‘शांतिवेध’ नावाची सरकारी योजना आली आणि पहिला प्रयोग करंजवडात करायचं ठरलं. योजनेचे जनक डॉ. निशिकांत कारखानीस स्वतः येऊन यंत्र बसवून गेले.

कल्पना साधी होती. सांडपाण्यातून साथीच्या रोगाची चाहूल लागते हे महामारीपासून सगळ्यांना ठाऊक होतं. कारखानीसांनी एक पाऊल पुढे टाकलं. माणूस खवळला की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी रक्तात रसायनं सोडतात. छाती धडधडते, हात शिवशिवतात, झोप उडते. काम झालं की ही रसायनं लघवीवाटे बाहेर पडतात आणि गटारात येतात. एका माणसाची कळून उपयोग नाही, पण एका अख्ख्या आळीची मोजली तर? म्हणून प्रत्येक भागाच्या मुख्य चेंबरमध्ये एक पंप बसवला. तो रात्रंदिवस घोट-घोट पाणी बाटलीत जमा करी. सकाळी बाटल्या प्रयोगशाळेत आल्या की यंत्र त्यातली रसायनं मोजून, माणशी हिशेब करून एक आकडा देई. त्याला नाव दिलं क्षोभांक. शंभरपैकी सत्तरच्या वर गेला की समजायचं, हा भाग पेटणार. आकडा थेट जिल्ह्याला जायचा, आणि तिथून आपोआप हुकूम निघायचा: तो भाग तीन दिवस बंद. नाक्यांवर पोलीस, आतला बाहेर नाही, बाहेरचा आत नाही, फोन ठप्प.

“दंगल झाल्यावर आयोग नेमण्यापेक्षा दंगलीआधी दार लावलेलं बरं,” कारखानीस म्हणाले होते. टाळ्या पडल्या होत्या. वृषालीनेही वाजवल्या होत्या.

निवडणूक जाहीर झाली आणि नगराध्यक्षपदासाठी वसाहतीतून रत्ना उतेकरने अर्ज भरला.

रत्ना म्हणजे जळिताआधीच्या शाळेत वृषालीच्या बाकावर बसणारी. आता ती वसाहतीत आशाताई होती. कुणाच्या बाळंतपणाला धाव, कुणाच्या म्हाताऱ्याला गोळ्या दे, असं करता करता तिने दोन्हीकडची माणसं जोडली होती. देवआळीतल्या काही बायकाही तिला गुपचूप मत देणार, अशी कुजबुज होती. आणि तेच बापूसाहेबांना झोंबलं होतं.

दोघी भेटायच्या त्या शुद्धीकरण केंद्रातच. तिथल्या वासामुळे दुसरं कुणी फिरकायचं नाही, त्यामुळे गावात त्याहून सुरक्षित जागा नव्हती.

“काय गं, आमच्या मुतावरनं आमचं भविष्य सांगतेस म्हणे?” रत्ना पदराने नाक दाबून म्हणाली.

“सांगते ना. तुझं तोंड जास्त चालतंय, असं दिसतंय त्यात.”

रत्ना हसली, पण ते हसू फार वेळ टिकलं नाही. “वृषे, खरं सांग. आमचा आकडा चढलाय का?”

वृषाली बाटल्या पुसत राहिली. चढला होता. रोज चढत होता.

“चढणारच की,” रत्ना म्हणाली. “माणसं झोपत नाहीयेत. कुत्रं भुंकलं तरी उठून बसतात. पोरांना घेऊन चार दिवस पाहुण्यांकडे जावं म्हणतायत बायका, मतदानापुरतं परत यायचं. मी म्हटलं, जा. जीव वाचला तर मतं.”

“मग जाऊ दे त्यांना. लवकर जाऊ दे.”

“परवा एसट्या ठरवल्यात. पण त्याआधी तुझ्या यंत्राने आमचं दार लावलं तर गं? पोलीस उभे राहणार पुढच्या नाक्यावर. मागं ऊस आहे. जळिताला कुठनं आले होते, आठवतंय ना?”

आठवत होतं. करंजवडात ते सगळ्यांनाच आठवत होतं. फक्त कोर्टात कुणाला आठवलं नव्हतं.

त्या संध्याकाळी दिग्विजय घरी आला तो शीळ घालतच. वृषालीला नवल वाटलं. गेले दीड महिने या माणसाचं काही खरं नव्हतं. ताट सरकवायचा, टीव्हीवर खेकसायचा, रात्रभर कूस बदलायचा. रत्नाचं नाव निघालं तरी कपाळाची शीर उडायची. आणि आज स्वारी म्हणते, “काय केलंयस? मस्त वास येतोय.”

“पिठलं. रोजचंच.”

“वाढ की मग. भूक लागलीय सडकून.”

जेवला, तिची थोडी थट्टा केली, आणि पाठ टेकताच घोरायला लागला. वृषालीला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, बाईमाणसाला घरातला ताण सुटला की बरंच वाटतं. माणूस शहाणा झाला, असं तिने मनाशी धरलं.

सकाळी त्याचा शर्ट धुवायला घेतला तेव्हा खिशात हळदीची पूड सापडली. नुसती पूड नव्हे, तिच्यात चुरगळलेलं बेलाचं पान होतं. तिने शर्ट तसाच बादलीत सोडला आणि मोरीच्या कट्ट्यावर बसली.

देवआळीत देवळाचा भंडारा कपाळाला रोजच लागतो, त्याचं काही नाही. पण बेल आणि भंडारा मिळून हातात घेतात ते शपथेला. ‘बेलभंडारा उचलला’ म्हणजे शब्द दिला. मग बाप आडवा आला तरी मागे फिरायचं नाही. जमिनीचे वाद, खुनाचे सूड, भावकीचे करार, सगळे असे बांधले जायचे. जळिताच्या आदल्या दिवशीही देवळात बेलभंडारा उचलला होता, हे तिने सासूच्या तोंडून एकदा निसटताना ऐकलं होतं.

प्रयोगशाळेत आल्या आल्या तिने आधी देवआळीचा आकडा पाहिला. दीड महिना तोही चढत होता. सभा होत होत्या, शिव्या होत होत्या, आकडा साठाच्या आसपास घुटमळत होता. आणि कालच्या एका दिवसात तो धाडकन वीसवर आला होता. इतका खाली तो यंत्र बसवल्यापासून कधीच आला नव्हता. यंत्राच्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत लिहून आलं होतं: देवआळी शांत आहे.

राग असतो तो काय करावं हे ठरत नाही तोवर. एकदा ठरलं की माणूस मोकळा होतो. परीक्षेआधी पोराची झोप उडते; पण कॉपीची सोय झालेला पोरगा ढाराढूर झोपतो. देवआळीतले दोन-तीनशे पुरुष काल रात्री ढाराढूर झोपले होते. आणि वसाहत, जिने काहीच ठरवलं नव्हतं, ती भीतीने जागी होती. तिचा आकडा अडुसष्ट.

कारखानीस त्या आठवड्यात करंजवडच्या विश्रामगृहातच मुक्कामाला होते. वृषाली तडक त्यांच्याकडे गेली.

“सर, भीती आणि राग यांतला फरक यंत्राला कळतो का?”

कारखानीस माणूस वाईट नव्हते. त्यांनी तिला बसायला सांगितलं, चहा मागवला. “शरीरालाच कळत नाही हो, यंत्राला कुठून कळणार? लढायचं असो की पळायचं, रसायन तेच. पण आपल्याला फरक कशाला हवा? क्षोभ म्हणजे क्षोभ.”

“आणि आकडा एकदम कोसळला तर?”

“तर पेढे वाटायचे! कोसळणं म्हणजे शांतता. तुमची देवआळी ना? बघितलं मी. बापूसाहेबांचं अभिनंदन केलं फोनवर. म्हटलं, तुमच्या शब्दाला वजन आहे.”

“सर, समजा लोकांनी काहीतरी ठरवलं असेल, आणि ठरवलं म्हणून शांत झाले असतील...”

“वृषालीताई, तुमच्याकडे काही माहिती आहे का? असेल तर नाव सांगा. आत्ता पोलिसांना कळवतो.”

नाव होतं. ते तिच्या मंगळसूत्राला बांधलेलं होतं. आणि पोलिसांचं म्हणाल, तर त्या ठाण्याची सकाळ बापूसाहेबांच्या चहाशिवाय उगवत नव्हती. तिने सांगितलं असतं, तर संध्याकाळपर्यंत ते आळीभर झालं असतं. इकडे आड, तिकडे विहीर.

“नाही सर. सहज विचारलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाटल्या आल्या. हिरव्या झाकणाची वसाहतीची, पिवळ्या झाकणाची देवआळीची. आज वसाहतीचा आकडा सत्तर ओलांडणार, हे सांगायला यंत्र कशाला हवं? बाराच्या आत हुकूम निघाला असता आणि दुपारच्या एसट्या नाक्यावरच अडवल्या गेल्या असत्या. पुढे पोलीस, मागे ऊस. आणि उद्या वर्तमानपत्रात छापून आलं असतं की वसाहतीचा क्षोभांक आधीच वाढलेला होता. म्हणजे मेलेल्यांच्याच माथ्यावर खापर! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, त्यातलाच प्रकार.

खरा आकडा जाऊ दिला तर रत्ना मरते. तोंड उघडलं तर नवरा तुरुंगात जातो, आणि तोही जाईलच असं नाही. वृषालीने दार आतून लावलं. दोन्ही झाकणं काढली. पिवळं झाकण घरंगळून टेबलाखाली गेलं, आणि ते शोधताना तिला रडू फुटलं. मग तिने पिवळं झाकण वसाहतीच्या बाटलीला लावलं आणि हिरवं देवआळीच्या. तपासलेलं पाणी तिने नंतर मोरीत ओतून टाकलं.

यंत्राने इमानदारीने मोजलं. वसाहत एकोणीस. देवआळी त्र्याहत्तर.

दुपार व्हायच्या आत देवआळीच्या दोन्ही तोंडांना जिल्ह्याहून आलेले पोलीस उभे राहिले. बापूसाहेब धोतर सावरत नाक्यावर आले आणि ओरडले, “अरे, आमची आळी? डोकं फिरलंय का तुमच्या यंत्राचं?” पण हुकूम यंत्राचा होता आणि यंत्राला चहा पाजता येत नाही. तिकडे वसाहतीच्या एसट्या बायका-पोरांना घेऊन निघून गेल्या.

वृषालीला अत्यावश्यक सेवेचा पास होता. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा दिग्विजय अंगणात पिंजऱ्यातल्या जनावरासारखा येरझाऱ्या घालत होता.

“तुझं ते यंत्र भिकार आहे! आम्ही काय केलं होतं? शांत बसलो होतो ना आम्ही?”

“हो,” वृषाली म्हणाली. “शांत बसला होतात.”

तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. मग पुन्हा चालायला लागला.

यंत्राचा खेळ बघा. दुसऱ्या दिवसापासून तिला झाकणं बदलायची गरजच उरली नाही. कोंडलेली देवआळी खरोखरच खवळली. आकडा ऐंशीवर गेला. वसाहतीतली माणसं सुटकेचा श्वास टाकून झोपली. आकडा तिशीत आला. त्यात भर म्हणजे पोलिसांनी आळी धुंडाळली तर देवळामागच्या ट्रॉलीत उसाच्या पाचोळ्याखाली पेट्रोलचे कॅन सापडले. ट्रॉली कुणाची, कॅन कुणाचे? सगळ्यांनी कानावर हात ठेवले. नेहमीप्रमाणे ते कुणाचेच नव्हते.

मतदान झालं. रत्ना थोडक्यात निवडून आली. कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही.

कारखानीस प्रयोगशाळेत आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. “ताई, बघितलंत? जिथे आकडा चढला तिथेच पेट्रोल सापडलं! याहून मोठा पुरावा काय हवा?”

वृषालीने झाकणांचं सांगितलं नाही. रत्ना जिवंत होती, दिग्विजय घरी होता. एवढं पदरात पडलं असताना आणखी काय मागायचं, असं तिला वाटलं. तिथेच ती चुकली, पण तुम्ही-आम्ही तरी काय वेगळं केलं असतं?

‘करंजवड प्रयोग’ राज्यभर गाजला. शांतिवेध प्रत्येक तालुक्याला लागू झाला. पाठ्यपुस्तकात धडा आला. ठिकठिकाणचे तंत्रज्ञ वृषालीकडे शिकायला येऊ लागले, आणि ती त्यांना बाटल्या कशा धुवायच्या, यंत्र कसं लावायचं ते शिकवायची. आकड्याचा अर्थ काय, हे मात्र कारखानीस शिकवायचे. सत्तरच्या वर गेलेल्या वस्त्या धडाधड बंद होऊ लागल्या. त्या नेहमी गावाच्या टोकाच्या, नेहमी घाबरलेल्या असायच्या. ज्यांच्या हातात गाव होतं, त्यांचे आकडे कायम छान. अमक्या आळीचा क्षोभांक राज्यात सर्वांत कमी, म्हणून सत्कार व्हायचे. घाबरलेली माणसं आता आकड्यालाही घाबरू लागली, आणि त्यामुळे आकडा आणखी चढू लागला.

वर्ष झालं असेल. पलीकडच्या जिल्ह्यात कोळवण नावाच्या गावात खाणकामगारांच्या वस्तीचा आकडा चढला. हुकूम निघाला, वस्ती बंद झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी खाणीच्या बाजूने, जिथे पोलीस नव्हते तिथून, माणसं आली. नाक्याकडे धावलेल्यांना पोलिसांनी हुकमाप्रमाणे परत पाठवलं. तेहतीस जण जळाले. कोळवणच्या गावठाणाचा त्या सकाळचा क्षोभांक होता सोळा.

तिथली तंत्रज्ञ वृषालीकडे शिकून गेलेली होती. तिचा फोन आला. “मॅडम, मी सगळं तुम्ही सांगितलं तसंच केलं,” एवढंच ती परत परत म्हणत होती.

वृषाली त्याच दिवशी पुण्याला गेली आणि कारखानीसांना सगळं सांगितलं. झाकणं, बेलभंडारा, सगळं. ते ऐकत असताना त्यांचा चेहरा पांढरा पडत गेला.

“त्या दिवशीचं पाणी?”

“मोरीत ओतलं.”

“मग उरला फक्त तुमचा शब्द,” ते म्हणाले. “आणि तोही नमुने बदलल्याची कबुली देणाऱ्या बाईचा. पुढचे सगळे आकडे जुळतात. पेट्रोल देवआळीत सापडलं. ताई, मला तुमचं पटतंय. देवाशपथ पटतंय. कोळवणचे आकडे पाहिल्यापासून मलाही झोप नाही. पण मंत्रालयात मी काय सांगू? शांत असलेली आळीच हल्ला करणार होती, हे त्या आळीतल्या कुणीतरी म्हटलं पाहिजे. ‘होय, आम्ही ठरवलं होतं, आणि ठरवल्यावर आम्ही शांत झोपलो होतो.’ एक जण पुरे. एक जरी बोलला, तरी मी उद्या योजना थांबवतो.”

रविवारी सकाळी दिग्विजय अंगणात मोटारसायकल पुसत होता. गेल्या वर्षात तो बराच निवळला होता. वसाहतीतला एक ट्रॅक्टर गॅरेजला येऊ लागला होता, त्या चालकाला चहाही पाजायचा. वृषालीला आशा वाटली ती त्यामुळेच. तिने स्टूल ओढलं आणि त्याच्यासमोर बसून कोळवणचं सांगितलं.

“वाईट झालं,” तो म्हणाला. “पण आपल्याकडे तसं कधी झालं नसतं.”

“झालं असतं. तुम्ही बेलभंडारा उचलला होतात.”

त्याचा हात थांबला. “कोण म्हणतं?”

“तुमचा शर्ट मी धुतला.”

“अगं, बापूंनी बोलावलं म्हणून गेलो होतो. सगळेच गेले होते. असं हातात घेतलं म्हणून कुणी खरंच करतं का? आपण काय तसली माणसं आहोत?” आणि हे तो मनापासून बोलत होता. वर्षभरात त्याने स्वतःला पटवून दिलं होतं. सगळ्या आळीनेच दिलं होतं.

“तसली नसाल, तर मग खरं सांगायला काय हरकत आहे? कारखानीसांसमोर एकदा बोला. माफीचा साक्षीदार करतील. दुसऱ्या गावातली माणसं वाचतील हो.”

“आणि आपल्या गावात तोंड कुठे दाखवू? बापूंना आत घालू? माझ्या बापाच्या सख्ख्या भावाला?”

तेव्हा तिने राहिलेलंही सांगून टाकलं. आळी बंद झाली ती यंत्रामुळे नव्हे, माझ्यामुळे. झाकणं मी बदलली.

दिग्विजय उठला. हातातलं फडकं त्याने भिंतीवर भिरकावलं. “बाहेरची! बाहेरचीच निघालीस शेवटी! घरात राहून घर फोडलंस!” तो इतका ओरडला की शेजारच्या खिडक्या उघडल्या. वृषालीला भीती वाटली नाही. उलट बरं वाटलं. ओरडतोय, म्हणजे अजून काही ठरलेलं नाही, अजून बोलता येईल. तो पायात चपला सरकवून तरातरा बापूसाहेबांच्या घराकडे गेला.

ती तिथेच बसून राहिली. ऊन अंगणभर झालं.

परत आला तेव्हा त्याच्याबरोबर बापूसाहेब होते, मागे आळीतले तिघे-चौघे. कुणाच्याच कपाळावर आठी नव्हती. बापूसाहेब ओट्यावर बसले, पाणी मागितलं, आणि तिने दिलेला तांब्या शांतपणे रिकामा केला.

“सूनबाई, झालं ते झालं,” ते गोड आवाजात म्हणाले. “साहेबांना एक फोन लाव. म्हणावं, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, काहीतरी बरळले. एवढंच. मग आम्ही विसरलो, तू विसर.”

वृषालीने दिग्विजयकडे पाहिलं. मघाशी लालबुंद झालेला तो चेहरा आता निवांत होता. खांबाला टेकून तो तिच्याकडे बघत होता, बराच मोठा प्रवास संपवून आलेला माणूस बघतो तसा. तिच्या छातीत धडधडत होतं, तळहात ओले झाले होते. त्या अंगणात खवळलेलं माणूस एकटी तीच होती. यंत्राला विचारलं असतं तर त्याने तिच्याच दाराला कुलूप घातलं असतं.

“करतेस ना फोन?” दिग्विजयने विचारलं.

कोळवणच्या मुलीचा रडवेला आवाज तिच्या कानात होता.

“नाही,” ती म्हणाली. “नाही जमणार मला.”

कुणी ओरडलं नाही. बापूसाहेबांनी तांब्या खाली ठेवला.

“बरं,” दिग्विजय म्हणाला. त्याच्या आवाजात रागाचा लवलेशही नव्हता.